कॉफी घेणार ना?

अमेरिकेत गावोगाव एक पाटी दिसते. पांढऱ्या पत्र्यावर ढालीचं चिन्ह, ढालीत लाल क्रूस, डाव्या कोपऱ्यात निळा चौकोन आणि खाली एपिस्कोपल चर्च तुमचं स्वागत करतं अशा अर्थाचं एक वाक्य. कुठे वळायचं ते दाखवणारा बाण. बस्स. मी पुण्यातल्या गुरुवार पेठेत वाढले. आमच्याकडे पाटी लावतात ती काय करू नये हे सांगायला. त्यामुळे ‘या’ म्हणणारी पाटी दिसली की पहिला प्रश्न मनात येतो, यांना नेमकं हवंय तरी काय?

त्या निळ्या चौकोनात नऊ छोटे पांढरे क्रूस तिरप्या फुलीत मांडलेले असतात. नऊ क्रूस म्हणजे १७८९ साली फिलाडेल्फियात एकत्र आलेले नऊ धर्मप्रांत, आणि तिरपी फुली स्कॉटलंडची. ती तिथे कशी आली याची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा इथल्या अँग्लिकन मंडळींची, म्हणजे आजच्या एपिस्कोपल लोकांच्या पूर्वजांची, पंचाईत झाली. त्यांच्या चर्चचा सर्वोच्च अधिकारी इंग्लंडचा राजा, आणि हे नुकतेच त्याच राजाशी लढून मोकळे झालेले. बिशप हवा तर दीक्षा इंग्लंडमध्ये घ्यायची, आणि दीक्षेत राजनिष्ठेची शपथ. कनेक्टिकटचे सॅम्युएल सीबरी ती शपथ घेऊ शकत नव्हते. ते उत्तरेला ॲबर्डीनला गेले आणि १७८४ साली तिथल्या स्कॉटिश बिशपांनी त्यांना दीक्षा दिली. आज कोपऱ्याकोपऱ्यावर स्वागताची पाटी लावणाऱ्यांना एकदा असं दारातून परत फिरावं लागलं होतं.

बॉस्टनच्या पश्चिमेला आम्ही राहतो त्या गल्लीच्या टोकाला असं एक दगडी चर्च आहे, लाल दाराचं. समोरच्या घरातल्या आजी तिथे जन्मभर जात आल्या आहेत. डोळ्यांमुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं, तेव्हा त्यांना नेणं-आणणं माझ्याकडे आलं. जानेवारीत गाडीत तासभर बसून वाट पाहण्यापेक्षा आत बसलेलं बरं, एवढ्याच हिशेबानं मी आत गेले. मी ख्रिस्ती नाही, व्हायचा विचारही नाही. घरी देवघरात गणपती आहे. त्याला रोज फूल मिळतं असंही नाही. लहानपणी पंचहौद चर्चच्या उंच मनोऱ्यावरून रोज शाळेत जायचे, पण त्या फाटकातून आत जावं असं कधी डोक्यातही आलं नाही. कुणी मनाई केली नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं.

दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे असतात. ते ‘गुड मॉर्निंग’ म्हणून हातात छापील पत्रिका देतात आणि बाजूला सरकतात. नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. न्यू इंग्लंडमधल्या माणसाचं अगत्य हे असंच असतं, अंगाला न भिडणारं. मागची बाकं आधी भरतात आणि पहिली तीन रिकामी राहतात. समोरच्या बाकाच्या पाठीला लाकडी कप्पा असतो. त्यात लाल प्रार्थनापुस्तक, निळं गीतांचं पुस्तक, पेन्सिलीचा तुकडा आणि नाव-पत्ता लिहायचं कार्ड. कार्ड भरलं नाही तरी कुणी हिशेब मागत नाही. खाली गुडघे टेकायची फळी, बिजागरीवर उलगडणारी, गादी लावलेली. ती सोडताना शेवटपर्यंत हात लावून ठेवायचा, नाहीतर ऐन शांततेत धाडकन आपटते आणि सगळं चर्च आपल्याकडे न बघण्याचा प्रयत्न करतं.

उठबस बरीच आहे. ऐकताना बसायचं, गाताना उभं राहायचं, प्रार्थनेला गुडघे टेकायचे. ज्यांचे गुडघे दुखतात ते बाकाच्या कडेवर पुढे सरकून डोकं झुकवतात, आणि या चर्चमध्ये दुखऱ्या गुडघ्यांचं बहुमत आहे.

मला मनापासून आवडलं ते हे, की सगळं छापलेलं असतं. आपल्याकडे परक्या घरी आरतीला उभं राहिलं की ज्याला शब्द येत नाहीत तो टाळ्या वाजवतो, ओठ हलवतो आणि ध्रुपदाला आवाज चढवतो. कोण घरचा आणि कोण बाहेरचा ते पहिल्याच कडव्यात उघडं पडतं. इथे धर्मगुरूंनी म्हणायचं ते साध्या अक्षरात, सगळ्यांनी म्हणायचं ते ठळक अक्षरात, कधी उठायचं ते तिरप्या अक्षरात. पहिल्यांदा आलेल्या माणसाला जन्मभर येणाऱ्याइतकंच पुढचं दिसत असतं. आजींना सगळं पाठ आहे, तरी त्या पत्रिका उघडून धरतात.

बाकाच्या कप्प्यातल्या त्या प्रार्थनापुस्तकाचा जन्म मात्र असा सौम्य नव्हता. टॉमस क्रॅनमर या आर्चबिशपच्या देखरेखीखाली ते १५४९ साली निघालं, लॅटिनऐवजी इंग्रजीत, लोकांना कळावं म्हणून. लोकांना कळावं हा हेतू असलेल्या पुस्तकाविरुद्ध त्याच वर्षी डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये लोकच उठले. कॉर्नवॉलच्या कितीतरी लोकांना इंग्रजी येतच नव्हतं. सरकारी फौजेनं उठाव चिरडला, हजारो माणसं मेली. पुढे गादीवर कॅथलिक राणी आली आणि १५५६ साली ऑक्सफर्डमध्ये क्रॅनमरना जिवंत जाळलं. मग एलिझाबेथ आली, पुस्तक परत आलं, आणि १५५९च्या कायद्यानं रविवारी चर्चला न जाणाऱ्याला बारा पेन्स दंड बसू लागला. सगळ्यांच्या मनात एकच श्रद्धा घालणं कुणालाच जमणार नाही, निदान सगळ्यांच्या तोंडी एकच प्रार्थना घालू, असा तो कोरडा राजकीय व्यवहार होता. लोकांच्या गळी उतरवलेलं ते पुस्तक आज इतकं निरुपद्रवी वाटतं, की त्याच्या आडोशाला माझ्यासारखी बाई तासभर आरामात बसू शकते. अमेरिकेत सध्या चालतं ते १९७९चं. त्यात एकच उपासना दोन तऱ्हेनं दिली आहे, जुन्या वळणाच्या इंग्रजीत आणि आजच्या. आठ वाजता जुन्या भाषेतली, गाण्याशिवायची. साडेदहाला नव्या भाषेतली, गाण्यासकट. आजींना खरं तर आठची आवडते. साडेदहाला त्या येतात त्या माझी झोपमोड नको म्हणून.

साडेदहाला ऑर्गन भरून येतो आणि सगळे उभे राहतात. पुढे क्रूस उंच धरलेली शाळकरी मुलगी. तिच्या पांढऱ्या झग्याखालून पळायचे बूट दिसतात. मागे मेणबत्त्या, गाणारी मंडळी, शेवटी धर्मगुरू. क्रूस जवळून जाताना जुनी माणसं किंचित मान लववतात, नवी माणसं पत्रिकेत बघतात. धर्मगुरूंच्या वस्त्राचा रंग पंचांगाप्रमाणे बदलतो: नाताळ-ईस्टरला पांढरा, ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, पेंटेकॉस्टला लाल, आणि मग जवळजवळ नोव्हेंबर संपेपर्यंत हिरवा.

मग वाचनं. जुन्या करारातला एक उतारा, एक स्तोत्र, एक पत्र आणि शेवटी शुभवर्तमान. कुठल्या रविवारी काय वाचायचं ते तीन वर्षांच्या फेऱ्यात ठरलेलं असतं, त्यामुळे धर्मगुरूंना आपल्या आवडीचा उतारा काढून त्यावर बोलायची सोय नाही. पंचांग जे पुढे ठेवील त्याला तोंड द्यावं लागतं. वाचणारे गावातलेच. एक दंतवैद्य आहेत; हिब्रू राजांची नावं आली की ते क्षणभर थांबतात आणि मग संपूर्ण आत्मविश्वासानं काहीतरी उच्चारतात. शुभवर्तमान मात्र पुढच्या व्यासपीठावरून वाचत नाहीत. पुस्तक मेणबत्त्यांसह खाली, बाकांच्या मधोमध आणतात, आणि सगळे आपापल्या जागी त्या दिशेला वळून उभे राहतात. पुढची माणसं मागे तोंड करतात, मागची पुढे. थोडा वेळ सगळे एकमेकांचे चेहरे बघत असतात.

उपदेश बारा-पंधरा मिनिटांचा. आमच्या इथे धर्मगुरू बाई आहेत, आणि आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ही गोष्ट जुनी नाही. १९७४ साली फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांनी नियमांची वाट न पाहता धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. चर्चनं मान्यता दिली ती दोन वर्षांनी. त्या दीक्षाविधीत क्रूस धरून सर्वांच्या पुढे चालत होत्या बार्बरा हॅरिस, तेव्हा एक साध्या सभासद. पुढे त्या स्वतः धर्मगुरू झाल्या आणि १९८९ साली इथे बॉस्टनमध्ये बिशप झाल्या. सगळ्या अँग्लिकन जगातल्या पहिल्या स्त्री बिशप, त्यात कृष्णवर्णीय. जिवे मारायच्या धमक्या आल्या होत्या. पोलिसांनी बुलेटप्रूफ जाकीट देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं. आजींना तो सोहळा आठवतो. तेव्हा आजी स्वतः स्त्री बिशपच्या विरोधात होत्या, हेही त्या सांगतात, आणि पुढे काही स्पष्टीकरण देत नाहीत.

उपदेशानंतर सगळे उभे राहून नायसीन मतांगीकार म्हणतात, चौथ्या शतकात ठरलेला. इथे मी गप्प राहते. ‘मी मानतो’ किंवा ‘आम्ही मानतो’ असं न मानणाऱ्यानं म्हणू नये, एवढं मला कळतं. कुणी वळून बघत नाही. एकदा परतीच्या वाटेवर मी आजींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “त्यातली दोन वाक्यं मीही गाळते. कुठली दोन, ते दर रविवारी बदलतं.”

पंडिता रमाबाईंना ही मोकळीक मिळाली नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांकडे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच भांडणाला सुरुवात झाली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य म्हणजे काय, अमुक मतांगीकार मी का मानावा, बिशपनं सांगितलं म्हणून माझ्या बुद्धीनं का ऐकावं? भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले ती दुसरं जोखड मानेवर घ्यायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी सिस्टर जेराल्डीनना लिहिलं. सिस्टर दुखावल्या. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर तेही खरंच होतं. आश्रय दिला, शिकवलं, आणि ही मुलगी अहंकारी निघाली असं त्यांना वाटलं. रमाबाई १८८६त अमेरिकेला आल्या, आणि पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्या विधवाश्रमाच्या मदतीसाठी असोसिएशन उभी राहिली. तिच्या उपाध्यक्षांत ट्रिनिटी चर्चचे फिलिप्स ब्रुक्स होते, बॉस्टनचे त्या काळचे सर्वांत गाजलेले एपिस्कोपल धर्मगुरू. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल तर युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणारे. ज्या प्रश्नावरून वाँटेजमध्ये भांडण झालं, तो बॉस्टनमध्ये कमिटीच्या टेबलावर आलाच नाही.

त्यानंतर लोकांच्या प्रार्थना. जगासाठी, चर्चसाठी, राष्ट्राध्यक्षांसाठी; हे राष्ट्राध्यक्ष कुठल्याही पक्षाचे असोत, त्यांचं नाव घेताना निम्म्या बाकांवर जबडे आवळलेले दिसतात. मग आजाऱ्यांची नावं, फक्त पहिली नावं, लांबलचक यादी. मग पापांगीकार, गुडघ्यांवर. केलेल्या चुकांबरोबर न केलेल्या कामांबद्दलही क्षमा मागतात, हे मला रास्त वाटतं. आणि मग अचानक सगळी शिस्त मोडते. धर्मगुरू शांतीचं अभिवादन करतात आणि इतका वेळ एकमेकांपासून दोन हात अंतर राखून बसलेली माणसं बाकं सोडून हात मिळवत सुटतात. करोनानंतर काहीजण नुसते हात जोडतात. मला पाहून जरा जास्तच वाकून.

मग येते वेदी. पत्रिकेत तळाशी बारीक अक्षरात सूचना असते: कोणत्याही पंथाचा बाप्तिस्मा झालेल्यांनी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला यावं, इतरांनीही यावं, हात छातीवर फुलीसारखे आडवे धरावेत, म्हणजे आशीर्वाद मिळेल. किंवा जागेवरच बसावं. काही एपिस्कोपल चर्चांमध्ये बाप्तिस्म्याचीही अट घालत नाहीत, येईल त्याच्या हातावर भाकर ठेवतात. चर्चच्या नियमांत ते बसत नाही, त्यामुळे त्यांच्यात यावर वाद चालू आहे. अट काढावी म्हणणाऱ्यांचा जिव्हाळा मला समजतो, पण मी नियमाच्या बाजूची. जे त्यांच्या लेखी एवढं मोलाचं आहे ते मी सहज उचलून तोंडात टाकावं हे मला पटत नाही, आणि मी ते टाकू नये असं त्यांना वाटण्यात मला अपमान दिसत नाही. मी आजींचा हात धरून कठड्यापर्यंत जाते. त्या ओंजळ पुढे करतात, उजवा तळवा डाव्यावर. गोल, कागदासारखी पातळ भाकर तळव्यावर पडते. त्यामागून चांदीचा पेला येतो. आजी त्याच्या बुडाला बोटं लावून तो ओठांकडे कलता करतात, पेला धरणारी बाई पांढऱ्या कापडानं कड पुसून पेला थोडा फिरवते आणि माझ्यासमोर येऊन, माझे आडवे हात पाहून, न थांबता पुढे जाते. धर्मगुरूंनी तेवढ्यात माझ्या डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यं म्हटलेली असतात. हात उबदार असतो, आणि घाईत नसतो.

स्वागत मोठं असलं तरी बाकं निम्मी रिकामी असतात, हेही सांगितलं पाहिजे. साठच्या दशकात या चर्चचे सभासद तीस लाखांच्या वर होते. आता सुमारे पंधरा लाख. जेव्हा बाकं भरलेली होती तेव्हा ती सर्वांसाठी नव्हती. बॉस्टनच्या ओल्ड नॉर्थ चर्चमध्ये अजून ती जुनी, दारं लावलेली चौकोनी बाकं पाहता येतात. घराण्यांनी विकत घेतलेली, मालकांच्या नावांची. गुलाम आणि गरीब वरच्या सज्ज्यात. फिलाडेल्फियात ॲबसालोम जोन्स आणि त्यांचे साथीदार अशाच वागणुकीला कंटाळून एका मेथडिस्ट चर्चमधून उठून बाहेर पडले आणि १७९४ साली त्यांनी स्वतःचं एपिस्कोपल चर्च उभं केलं. बॉस्टनमध्ये १८४४ साली चर्च ऑफ द ॲडव्हेंट निघालं ते बाकाचं भाडं न घेण्याच्या अटीवर, आणि ती तेव्हा मोठी बातमी होती. यांना नेमकं हवंय काय, या माझ्या प्रश्नाचं एक उत्तर सरळ आहे. माणसं हवी आहेत. गायकवृंदाला एक पुरुषी आवाज हवा आहे, आणि छपराला पैसे.

शेवटचं गीत झालं की सगळे तळघरातल्या हॉलमध्ये उतरतात. कॉफीचा तास. माझ्या मते उपासनेइतकाच पक्का विधी, फक्त याची पत्रिका छापत नाहीत. स्टीलचा मोठा कॉफीचा पिंप, पातळ कॉफी, कुणीतरी केलेला केळ्यांचा केक, भिंतीवर पुढच्या रविवारी खाऊ कुणी आणायचा त्याची यादी, आणि कपबश्या धुवायला नेहमी तीच दोन म्हातारी माणसं. दारात पत्रिका देणारे उंच गृहस्थ इथे पिंपाशी असतात. मी उभी दिसले की विचारतात, “कॉफी घेणार ना?”

एकदा त्यांना मी सांगितलं, की माझ्या गावात तुमच्याच पंथाच्या लोकांकडे चहा प्यायल्याबद्दल मोठमोठ्या माणसांवर बहिष्कार पडला होता. त्यांनी नळ बंद केला. मग मला सगळं सांगावं लागलं.

१८९०चा ऑक्टोबर. डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव. आनंदीबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. गोपाळरावांना लोकांची फजिती करण्याची हौस दांडगी. त्यांनी पुण्यातली नामवंत मंडळी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमवली. रानडे होते, टिळक होते. व्याख्यान संपल्यावर चहा आणि बिस्किटं पुढे आली. काही प्यायले. काहींनी भिडेखातर कप हातात घेतला आणि खाली ठेवला. मग हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. घरोघर पंगतीचे, लग्नकार्याचे, भटजी मिळण्याचे प्रश्न आले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी शेवटी मित्रांसाठी प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचे बोल खाल्ले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलं आहे. ते मिशन चालवत होते काउली फादर, ऑक्सफर्डजवळ १८६६ साली निघालेल्या संघाचे साधू. त्याच संघाचे लोक १८७० साली बॉस्टनला आले, ॲडव्हेंटच्या त्या बिनभाड्याच्या चर्चमध्ये त्यांनी काम केलं, आणि केंब्रिजमध्ये चार्ल्स नदीच्या काठावर त्यांचा मठ आजही आहे. आमच्या घरापासून गाडीनं जाण्यासारखा.

गृहस्थांना तो मठ चांगला ठाऊक होता. तिथल्या चहाबद्दल मात्र त्यांचं मत बरं नव्हतं. थोडा वेळ विचार करून त्यांनी विचारलं, “आणि ज्यांनी कप नुसता खाली ठेवला, त्यांना सोडलं ना?”

“नाही. त्यांचीही नावं यादीत होती.”

“अरेरे,” ते म्हणाले आणि त्यांनी पिंपाचा नळ पुन्हा उघडला. “मग पिऊन तरी टाकायचा होता.”